झोपलेल्या माणसाच्या घरात गिटार

इलेक्ट्रिक गिटार घ्यायची तर आधी तिचं वजन बघावं, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. ऐकून घेणं हा माझा गुण नाही, आणि भोरमधल्या आमच्या बिल्डिंगीत हे सगळ्यांना अनुभवानं ठाऊक आहे. त्यामुळे पन्नाशी उलटलेली, ब्लाऊज शिवणारी, उजव्या खांद्याची कायमची तक्रार असलेली मी एक दिवस चार-साडेचार किलोचं लाकूड त्याच खांद्याला अडकवून पुण्याहून एसटीनं घरी आले.

पण गिटारीच्या आधी झोपेचं सांगायला हवं, कारण सगळं तिथून सुरू झालं. आमचे हे किकवीच्या पुढं, हायवेवरच्या एका कारखान्यात मशीनवर आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना कायमची रात्रपाळी लागली. सकाळी सातला सुटायचं, मोटारसायकलवर कापूरहोळवरून आठपर्यंत घरी यायचं, जेवायचं आणि नऊ ते चार झोपायचं. एका सकाळी कापूरहोळ सोडल्यावर गाडीवरच त्यांचा डोळा लागला. गाडी रस्ता सोडून भाताच्या खाचरात गेली. खाचरात गुडघाभर चिखल होता म्हणून माणूस वाचला. डॉक्टरांनी हनुवटीला टाके घातले आणि म्हणाले, "दिवसा सलग सात तास झोप पाहिजे. नाहीतर पुढच्या वेळी चिखल नसलेल्या जागी पडाल."

ते वाक्य मी घरी आणलं आणि त्याचा कायदा केला. दाराच्या बेलची वायर कापली. कुकर आठच्या आत. शिलाई मशीन नऊ ते चार बंद. त्या वेळात मी हातानं हुक लावायचे आणि हातशिलाई करायचे. गल्लीत भाजीवाला भोंगा लावून यायचा, त्याला मी कोपऱ्यावर गाठून दम दिला. बिल्डिंगीचा पाण्याचा पंप पहाटे साडेसहाला सुरू करायला लावला. वरच्या मजल्यावर एक भाभी राहतात, गरम मसाला करून विकतात. त्यांच्या मिक्सरसाठी मी वेळापत्रक लिहून दिलं आणि त्यांनी ते खरोखर भिंतीला चिकटवलं. माणूस घाबरला की चिडतो. मी फार घाबरले होते, म्हणून फार चिडत होते.

ह्या कायद्यात पहिला बळी गेला तो माझ्या पेटीचा. मी महिला भजनी मंडळात तीस वर्षं पेटी वाजवते. मंडळाची पेटी आमच्याच घरी असायची आणि माझा रोजचा तासभर रियाज ठरलेला. पण पेटी हळू वाजत नाही. मी करून बघितलं. आधी भात्यावर टॉवेल टाकला, मग सगळ्यावर गोधडी घातली आणि गोधडीत हात घालून वाजवलं. सर्दी झालेली म्हैस हंबरावी तसा आवाज आला आणि आतून ह्यांनी कूस बदलल्याचं ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी मी पेटी मंडळातल्या दुसऱ्या बाईंकडे पोचवली. तिथं ती खाली ठेवताना इतकं वाईट वाटलं की त्यांनी दिलेला चहा तसाच ठेवून निघाले.

वर्षभर तशीच राहिले. मग बोटं वागेनात. कणीक मळताना परातीच्या कडेवर सूर दाबायला लागले, ब्लाऊजची बटणपट्टी चिमटीत धरली की तिच्यावरही. आपल्याला ऐकू येईल आणि दुसऱ्या कुणालाच नाही, असं वाद्य असतं असं मोबाईलमध्ये पाहिलं, आणि मी पुणे गाठलं.

शहाण्या बाईनं हेडफोन लागणारा कीबोर्ड घेतला असता. पेटीची पट्टी तीच, बोटं तीच. मीही त्यासाठीच गेले होते. दुकानात चाळिशीचा एक माणूस होता, केसांची शेंडी मागं बांधलेली, बोलायला नम्र. कीबोर्ड काढायला तो आत गेला तेवढ्यात भिंतीवर टांगलेल्या गिटारी मी नुसत्या बघत होते. तो परत आला आणि म्हणाला, "मुलासाठी बघताय का, मावशी?"

आम्हाला मूलबाळ नाही. एरवी मला ते बोचत नाही, त्या दिवशी बोचलं. शिवाय 'मावशी'. मी म्हटलं, "नाही, माझ्यासाठी बघतेय." एकदा असं बोलल्यावर कीबोर्डकडे वळणं म्हणजे माघार घेणं झालं असतं, आणि माघार मी आजवर एसटीच्या रांगेतसुद्धा घेतलेली नाही.

बिचाऱ्यानं मनापासून समजावलं. साध्या गिटारीचं पोट पोकळ असतं, ती स्वतःच मोठ्यानं वाजते. इलेक्ट्रिकचं लाकूड भरीव, तिला वायर जोडली नाही तर डब्यावर नख मारल्याएवढा आवाज. तारांच्या खाली चुंबकांची पट्टी असते. तिच्यात एक रांग असेल तर ट्यूबलाइटजवळ गुणगुण येते, दोन रांगा असतील तर येत नाही. मी म्हटलं, "ट्यूब लावून दाखवा." त्यानं लावली. एका रांगेची खरोखर गुणगुणली. मग मी अनुभवी गिऱ्हाइकासारखी मान हलवली आणि विचारलं, "ओल्या फडक्यानं पुसली तर चालते का?"

दोन रांगांच्या दोन होत्या. एक आखूड दांडीची, हलकी, फिकट निळी. तो म्हणाला तुमच्या हाताला आणि खांद्याला हीच बरी. दुसरी जड, गडद मरून. आमच्या मंडळाच्या साड्या मरून आहेत. मी दुसरी घेतली. तीस वर्षं सुरात घालवलेल्या बाईनं वाद्य साडीला मॅचिंग बघून घेतलं, हे मी अजून मंडळात सांगितलेलं नाही.

ॲम्प्लिफायर निवडताना तर मी कहर केला. त्यानं आधी काडेपेटीपेक्षा जरा मोठी वस्तू दाखवली. ती थेट गिटारीत खोचायची, हेडफोन तिला लावायचा, संपलं. म्हणाला, "घरात फक्त स्वतःला ऐकू यायला हवं असेल तर एवढंच पुरे." मला वाटलं, मावशी गरीब दिसते म्हणून हलकं काढतोय. शेजारी पाटाएवढी ॲम्पची पेटी होती, तिच्यावर दहा वॅट लिहिलेलं. आमच्या स्वयंपाकघरात नऊ वॅटचा बल्ब आहे. त्याच्या उजेडात मला सुईत दोरा ओवता येत नाही. म्हणजे दहा वॅटचा आवाज असा कितीसा असणार? मी हा हिशोब त्याला बोलून दाखवला. तो एवढंच म्हणाला की हिलाही हेडफोनचं भोक आहे, ते मात्र विसरू नका.

परतीच्या एसटीत कंडक्टर काळ्या पिशवीकडे बघून म्हणाला, "काय हाय ह्यात, मावशी? कुदळ का?" त्या दिवसातली ही दुसरी मावशी. मी म्हटलं, "गिटार आहे." तो पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याला म्हणाला, "बगा तात्या, आन् तुमी म्हंताय गुडघं दुकत्यात."

ह्यांनी ती बघितली ते जेवता जेवता. बराच वेळ बघितली. मशीनवरचा माणूस, वस्तू जोडली कशी हे आधी बघतो. मग म्हणाले, "चांगली हाय. वाजव की. मला झोपल्यावर ढोल वाजला तरी कळत न्हाई." ढोल वाजला तरी कळत नाही म्हणणाऱ्या माणसाला माझ्या गोधडीतल्या पेटीनं कूस बदलायला लावली होती, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

हे संध्याकाळी केस कापायला गेले तेव्हा मी पहिली चाचणी घेतली. ॲम्पच्या आवाजाचा खटका निम्मा फिरवला आणि तारांवर हात मारला. मांडणीतल्या वाट्या एकमेकींवर आपटल्या. तळमजल्यावर एक निवृत्त एसटी ड्रायव्हर आजोबा राहतात, ते गेटला टेम्पो धडकला का बघायला बाहेर आले. दहा वॅट काय असतं ते मला कळलं. त्यानंतर हेडफोनशिवाय मी त्या ॲम्पला हात लावला नाही.

गिटार सुरात लावण्याचंही तेच. मोबाईलमध्ये ॲप असतं, तार बरोबर लागली की हिरवं होतं. पण माझा सगळा जन्म पेटीच्या काळी चार पट्टीवर गेला. मोबाईल मला सूर शिकवणार? मी गिटार घेऊन पेटीवाल्या बाईंकडे गेले, त्यांना काळी चार दाबून धरायला लावलं आणि सगळ्यात बारीक तार पिळत पिळत तिथं न्यायला लागले. अगदी जवळ आली आणि तुटून माझ्या गालावर बसली. बाई म्हणाल्या, "व्हय वो, तिला न्हाई झेपत तर कशाला वडताय?" मग मी मुकाट्यानं ॲप घेतलं आणि हिरव्या रंगाचं ऐकायला लागले.

पण त्यानंतरचे चार महिने फार सुखाचे गेले, ते लपवत नाही. ह्यांची झोप लागली की अकराच्या सुमारास मी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचे, स्टुलावर बसायचे, हेडफोन चढवायचे. ॲम्पवर आवाज घुमवायचा एक खटका होता. तो फिरवला की एकेक सूर देवळाच्या सभामंडपात सोडल्यासारखा वाटायचा. ओळखीचे अभंग, गौळणी, गजर, मी एकेका तारेवर शोधून काढले. बाहेर सगळं शांत आणि आत मी. आपण कुणाची झोप न मोडता गातंय-वाजवतंय असं घर चालवतो, ह्याचा मला इतका अभिमान झाला की आरशात बघितलं तरी मान जरा वर असायची.

ह्यांचे डोळे मात्र लाल राहायला लागले. चारला उठायचे तेच जांभई देत. विचारलं तर म्हणायचे, "झोप झाली की." मग मी शत्रू शोधायला लागले. भाभींच्या मिक्सरची वेळ निम्म्यावर आणली. त्या मसाला खलबत्त्यात कुटायला लागल्या, तर मी खलबत्त्याखाली पोतं घालायला लावलं. जिन्यात मुलांना चपला हातात घेऊन जायला सांगितलं. आजोबा एकदा जिन्यात भेटले आणि म्हणाले, "वैनी, आजचं झकास झालं बरं का." मला वाटलं दारातल्या रांगोळीबद्दल बोलतायत. मी म्हटलं, "हळू बोला, हे झोपलेत."

मग एक दिवस हे साडेनऊ वाजले तरी आले नाहीत. फोन लागेना. मी खिडकीत उभी राहून भोर-कापूरहोळ रस्त्यावरची प्रत्येक खाचर डोळ्यांसमोर आणलं. दहाला आले. कापूरहोळला डोळे मिटायला लागले म्हणून एका ढाब्यावर गाडी लावून बाकड्यावर आडवे झाले होते. "थांबलो की न्हाई?" म्हणाले, म्हणजे शहाणपणा केला असं. त्यांना जेवायला वाढलं, झोपवलं आणि तशीच जिन्यात जाऊन मी अख्खी बिल्डिंग गोळा केली.

काय बोलले ते सगळं आठवत नाही. आठवतं तेवढंही लिहिण्यासारखं नाही. ह्या माणसाला काही झालं तर तुमच्यातल्या प्रत्येकाला जबाबदार धरीन, असं म्हणाले. माणुसकी राहिली नाही असंही म्हणाले. सगळे खाली मान घालून उभे. आजोबांनी एकदा तोंड उघडलं, भाभींकडे बघितलं आणि मिटलं. मला वाटलं, लाज वाटली.

त्या ओरडण्यानं माझा घसा बसला. दोन दिवस ताप आला, गिटारीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास दारावर नखानं टकटक झालं. भाभी होत्या, हातात मिरी-सुंठेचा काढा. कुजबुजत म्हणाल्या, "ताई, घसा बसलाय न्हवं? दोन दिस ऐकू आलं न्हाई तवाच वळकलं म्या."

"काय ऐकू आलं नाही?"

"गाणं."

मी दार पुरतं उघडलं. त्या घाबरल्या, पण बोलल्या. "रोज अकराला तुमी म्हंता की. आमी समदी ऐकतो. पायाचा ठेका बी येतो वरपत्तोर. कुणी सांगायचं तुमास्नी? तुमी लई चिडता."

मी म्हटलं, शक्य नाही, मी तोंड उघडत नाही. त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, दार लावलं, हेडफोन चढवले आणि सांगितलं की माझा आवाज आला तर हात वर करा. गिटार हातात घेतली. पहिली ओळ वाजवायला घेतली आणि भाभींचा हात वर गेला. बसलेल्या घशातूनही आवाज निघत होता. मी ओठ दाबून पुन्हा सुरू केलं. हात खाली आला, दोन सूर झाले, पुन्हा वर गेला आणि वरच राहिला. मी त्यांच्या हाताकडे बघत वाजवत होते आणि मला माझं एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

भजनातली पेटीवाली कधी नुसती वाजवत नाही. बोटाच्या आधी शब्द येतो, शब्दाबरोबर पाय. तीस वर्षांची ती खोड वाद्य बदललं म्हणून सुटत नाही. त्यात माझं माहेर वेल्ह्याकडचं. तिथं माणसं ह्या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक मारतात, आणि कानावर झाकण असलं की मी माहेरीच असते. म्हणजे चार महिने रोज तासभर, पलीकडच्या खोलीत माझा माणूस झोपलेला असताना, मी स्वयंपाकघरात खड्या आवाजात गजर करत होते आणि त्याची झोप मोडते म्हणून दुसऱ्याच्या खलबत्त्याखाली पोतं घालत होते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण चोराला निदान चोरी ठाऊक असते.

भाभींची मी माफी मागितली. नीट जमली नाही, कारण सवय नाही. त्या "असूं द्या" म्हणाल्या आणि काढा गरम करून दिला.

हे चारला उठायची मी वाट बघितली नाही. खोलीत गेले तर पडून होते, डोळे उघडे.

"मी गाते ते तुम्हाला ऐकू येतं?"

"येतं की."

"रोज?"

"रोज."

"मग सांगितलं का नाही?" "बाकड्यावर आडवे होऊन आलात त्या दिवशी. मी जिन्यात लोकांना काय काय बोलले. तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?"

ते उठून बसले. "सांगितलं असतं तर थांबली असतीस. पेटी दिऊन आलीस त्या दिसापासनं घरात काय ऐकू येत व्हतं सांग बरं? पंका. वरीसभर नुसता पंका. आन् एक दिस तू म्हणायला लागलीस. म्हटलं, एक तासाची झोप ती काय."

मला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. मी म्हटलं, "एका तासात गाडी खाचरात जाते." मग मी माझा नवा कायदा सांगितला: त्यांच्या झोपेत मी गिटारीला हात लावणार नाही. वाजवायचं ते सकाळी साडेआठला, जेवण झाल्यावर, त्यांच्यासमोर, पंधरा मिनिटं. त्यांनी मान हलवली.

घसा सुटल्यावर पहिल्या सकाळी मी बैठक मांडली. हेडफोन न लावता, ॲम्पच्या आवाजाचा खटका अगदी खाली ठेवून. ॲपवर सहाही तारा हिरव्या केल्या. हे गादीवर आडवे झाले होते, माझ्याकडे तोंड करून. माझी गिटार ते पहिल्यांदाच ऐकणार होते, त्यामुळे मी चार महिन्यांत शिकलेलं सगळं एकदम घातलं. तार ओढून सूर हलवला, घुमवायचा खटकाही फिरवला. वाजवता वाजवता त्यांच्याकडे बघितलं तर कपाळाला आठी.

"एक सांगू का? राग नगं मानूस."

"सांगा."

"ती वायर काढ. नुसतं म्हण."

साडीच्या रंगाची गिटार, दहा वॅट, दोन रांगांची चुंबकं, आणि माणसाला ह्यातलं काहीच नको होतं. मला राग येणार होता, म्हणजे यायची तयारी झालीच होती, पण ते डोळे मिटून वाट बघत होते. मी वायर काढली, गिटार भिंतीला टेकवली आणि जमिनीवर त्यांच्या उशाशी बसून अभंग सुरू केला. हळू आवाजात गायची सवय नाही, पहिली ओळ कापरी गेली. दुसऱ्या कडव्यापर्यंत त्यांचा श्वास जड झाला आणि हात गादीवरून खाली घसरला. तिसरं कडवं ऐकायला कुणी नव्हतं. तरी मी ते पुरं म्हटलं.